विषाचे मोजमाप आणि स्त्रियांची नोंद

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खकनार तहसिलीत, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या टापूत, डोईफोडिया नावाचे गाव आहे. तापीच्या खोऱ्यातील इतर गावांप्रमाणे ह्या भागातही कपाशीचे पीक घरोघरी परिचयाचे आहे. कपाशीच्या झाडाचा एक विशेष असा की, २,४-डी नावाच्या तणनाशकाचा नुसता वाराही त्याला सोसत नाही. शेजारच्या शेतात गव्हातले किंवा उसातले तण मारण्यासाठी हे औषध फवारले आणि वारा कपाशीकडे वळला, तर थोड्याच दिवसांत कपाशीची कोवळी पाने आक्रसतात, शिरा जाड होतात आणि पानांना लांबट बोटांसारखा विचित्र आकार येतो. ज्या शेतकऱ्याने ते औषध कधी विकतही घेतले नाही, त्याच्या पिकावर दुसऱ्याच्या फवारणीची साक्ष अशी उघड उमटते. मनुष्याच्या देहावर ती इतक्या सहजपणे उमटत नाही. ती शोधावी लागते. आणि शोधावयाची तर कोणाच्या देहावर शोधावयाची, हे आधी ठाऊक असावे लागते. युद्धात विषारी द्रव्यांच्या सहवासात आलेल्या स्त्रियांच्या प्रकृतीचा अभ्यास जवळजवळ वीस वर्षे अडून राहिला, तो ह्या दुसऱ्या अडचणीपाशी.

२,४-डी आणि त्याचे सख्खे भावंड २,४,५-टी ही दोन्ही द्रव्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिका येथील संशोधनातून निघाली. शत्रूचे पीक नष्ट करता येईल काय, हा त्या वेळच्या विचाराचा एक भाग होता. युद्ध संपल्यावर ती शेतकऱ्याच्या उपयोगाची म्हणून बाजारात आली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटिशांनी मलायात झाडोरा साफ करण्यासाठी अशी द्रव्ये वापरली. पुढे अमेरिकन सैन्याने व्हिएतनाममध्ये १९६२ पासून १९७१ पर्यंत विमानांतून सात कोटी लिटरांहून अधिक तणनाशके जंगलांवर आणि शेतांवर सोडली. त्यांतील सर्वांत मोठा वाटा २,४-डी आणि २,४,५-टी ह्यांच्या समभाग मिश्रणाचा होता. पिंपांवर नारिंगी पट्टा रंगवलेला असे, म्हणून त्या मिश्रणाला ‘एजंट ऑरेंज’ हे नाव पडले.

ह्या मिश्रणात एक न मागितलेली वस्तू होती. २,४,५-टी तयार होताना त्यात डायऑक्सिन नावाच्या द्रव्याचा अंश उतरतो. पानांसाठी नव्हे, तर प्राण्यांसाठी ते अतिशय घातक. १९६९ साली प्रयोगशाळेतील उंदरांच्या पिल्लांत २,४,५-टी मुळे जन्मजात व्यंगे होतात असे प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी एजंट ऑरेंजचा वापर थांबवण्यात आला. अमेरिकेत २,४,५-टी चा उरलासुरला वापर १९८५ मध्ये बंद झाला. २,४-डी मात्र आजही जगभर, भारतातही, विकले जाते. दोहोंना एका मापाने मोजणे योग्य नाही, कारण त्या घातक डायऑक्सिनचा दोष मुख्यतः २,४,५-टी च्या माथी आहे. आपल्याकडच्या चर्चांत ही गफलत फार वेळा होते.

डायऑक्सिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळते. देहात शिरले की ते मेदात जाऊन बसते, आणि त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास माणसाच्या शरीरात साधारण सात ते अकरा वर्षे लागतात. पुरुषाच्या देहातून ते बाहेर पडण्याचा वेग असा मंद असतो. स्त्रीच्या देहाला मात्र एक आणखी वाट असते. ती म्हणजे दूध. मूल अंगावर पीत असता आईच्या मेदातील डायऑक्सिन दुधावाटे मुलाकडे जाते. आईचा भार हलका होतो आणि मुलाचा वाढतो. दक्षिण व्हिएतनाममधील मातांच्या १९७० सालच्या दुधाच्या नमुन्यांत पुढे तपासणी करता डायऑक्सिनचे अत्यंत मोठे प्रमाण आढळले. म्हणजे पुरुष सैनिकाचा अभ्यास करून स्त्रीविषयी निष्कर्ष काढता येणार नाही, ही गोष्ट द्रव्याच्या स्वभावातच लिहिलेली होती. तरीही अभ्यास आरंभी पुरुषांचाच झाला.

अमेरिकेकडून व्हिएतनाममध्ये गेलेल्या स्त्रियांपैकी बहुतेक सैन्याच्या परिचारिका होत्या. वय विशी-बाविशीचे, शिक्षण नुकतेच संपलेले, मुदत एक वर्षाची. हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या जखमींवर त्या बारा बारा तासांच्या पाळीत काम करीत. काहींच्या मुक्कामाच्या भोवती फवारणी झाली होती, काहींच्या नाही. त्या नेमक्या किती होत्या, हे पुढे कोणी विचारले तेव्हा सरकारपाशी एकच उत्तर नव्हते. कोठे साडेसात हजारांच्या आसपास, कोठे अकरा हजार, असे अंदाज निघत. सैन्याच्या दप्तरांत माणसांची नोंद होती, पण ती स्त्री-पुरुष अशी वेगळी काढून ठेवण्याची कोणाला गरज भासली नव्हती. अमेरिकेच्या खानेसुमारीत सैन्यातील सेवेचा प्रश्न स्त्रियांना १९८० साली प्रथमच विचारण्यात आला, आणि बारा लाखांहून अधिक स्त्रियांनी होकारार्थी उत्तर दिले. इतक्या मोठ्या समुदायाची दखल घेण्यास दोन महायुद्धे आणि व्हिएतनाम पुरले नव्हते.

त्याच सुमारास एजंट ऑरेंजसंबंधीची चौकशी जोरात सुरू झाली होती. १९७९ साली काँग्रेसने माजी सैनिकांच्या प्रकृतीचा अभ्यास करण्याचा कायदा केला. हवाई दलाने फवारणी करणाऱ्या विमानांतील कर्मचाऱ्यांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. त्यातील सारे पुरुष. अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राने जन्मजात व्यंगांची पाहणी १९८४ साली प्रसिद्ध केली, ती व्हिएतनामला गेलेल्या वडिलांच्या अपत्यांची. त्या केंद्राने जमिनीवरील सैनिकांच्या संपर्काचा मोठा अभ्यासही आरंभिला होता. परंतु कोणता सैनिक कोणत्या दिवशी कोठे होता आणि तेथे किती द्रव्य पडले, हे सैन्याच्या नोंदींवरून ठरवता येत नाही असे आढळून आल्याने तो १९८७ मध्ये सोडून देण्यात आला. स्त्रिया ह्यातील कशातच नव्हत्या. गर्भपात, मृत अपत्ये, गर्भाशयाचे विकार ह्यांविषयी ज्यांच्या देहाला विचारावयाचे, त्यांनाच वगळून अपत्यांचा प्रश्न तपासला जात होता.

लिंडा व्हॅन डेव्हँटर ही प्लेकू येथील इस्पितळात काम केलेली परिचारिका. परत आल्यानंतर तिने व्हिएतनाम माजी सैनिक संघटनेत स्त्रियांच्या विभागाचे काम हाती घेतले आणि १९८३ साली आपल्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. तिने आणि तिच्यासारख्या अनेकींनी जे मागितले, ते फारसे मोठे नव्हते: आम्ही तेथे होतो हे मान्य करा, आणि आम्हांलाही विचारा. पुढे तिला संयोजी ऊतींचा असाध्य विकार जडला. त्याचे मूळ व्हिएतनाममधील रसायनांत आहे असे तिचे मत होते. २००२ साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ती वारली. तिचे मत शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले असे नाही. परंतु तिच्या काळात ते तपासून पाहण्याची सोयही नव्हती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

स्त्रियांच्या अभ्यासाची आज्ञा अखेर एप्रिल १९८६ मध्ये झाली, आणि तीही एका अर्थसंकल्पविषयक कायद्याच्या पोटात. शेकडो पृष्ठांच्या त्या विधेयकात व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या स्त्रियांच्या प्रकृतीवरील दीर्घकालीन दुष्परिणामांचा अभ्यास माजी सैनिक खात्याने करावा, असे एक कलम होते. मग यादी तयार करण्याचे काम सुरू झाले. तुकड्यांच्या जुन्या नोंदी चाळून एकेक नाव निवडावे लागले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या अभ्यासात व्हिएतनामला गेलेल्या ४,५८२ स्त्रियांच्या मृत्यूंची तुलना त्याच काळात सैन्यात असून तेथे न गेलेल्या ५,३२४ स्त्रियांशी केली होती. स्वादुपिंडाचा आणि गर्भाशयाचा कर्करोग ह्यांत काहीशी वाढ दिसली, परंतु संख्या इतकी लहान की छातीठोकपणे काही म्हणणे कठीण.

२००० साली हान कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भधारणेविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातून एक ठोस गोष्ट बाहेर आली. हजारो स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्यांची गर्भावस्था आणि अपत्ये ह्यांची माहिती गोळा करण्यात आली होती. गर्भपात, मृत अपत्यजन्म, जन्मतः कमी वजन ह्यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. परंतु व्हिएतनामला गेलेल्या मातांच्या अपत्यांत मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या जन्मजात व्यंगांची शक्यता सुमारे दीडपट निघाली. वडिलांच्या अभ्यासात अशी एकंदर वाढ दिसलेली नव्हती.

आता येथे सावध राहावयास हवे. ही व्यंगे डायऑक्सिनमुळेच झाली, असे हा अभ्यास म्हणत नाही. त्या स्त्रियांच्या रक्तातील डायऑक्सिन मोजलेले नव्हते. शिवाय परिचारिकेच्या भोवती केवळ तणनाशक नव्हते. शस्त्रक्रियागृहातील भुलीचे वायू होते, उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरला जाणारा इथिलिन ऑक्साइड होता, डास मारण्यासाठी डीडीटी आणि मॅलॅथिऑन होते. ह्यांपैकी काहींचा गर्भाशी संबंध असण्याची शंका स्वतंत्रपणे घेतली गेली आहे. म्हणून अभ्यासाने इतकेच दाखवले की, त्या भूमीवर सेवा केलेल्या स्त्रियांच्या अपत्यांवर काही तरी अधिक भार पडला. कोणते विष, हे सांगण्यासाठी जे मोजमाप वेळीच व्हावयास हवे होते, त्याची वेळ निघून गेली होती.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००० रोजी मंजूर झालेल्या कायद्याने, व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या मातांच्या विशिष्ट जन्मजात व्यंगे असलेल्या अपत्यांना मदत देण्याचे ठरले. ह्या कायद्यातील शहाणपण लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने आईला डायऑक्सिनचा पुरावा मागितला नाही. ती तेथे होती एवढेच पुरे मानले. दुर्दैवाने अनेक अपत्ये तोवर प्रौढ झाली होती.

युद्धातील विषाचा स्त्रियांवर परिणाम शोधण्याचे काम नेहमीच एवढे रेंगाळले असे नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत टीएनटी ह्या स्फोटकाशी काम करणाऱ्या मुलींची कातडी आणि केस पिवळे पडत. लोक थट्टेने त्यांना कॅनरी पक्ष्याच्या नावाने हाक मारीत. थट्टेमागे गंभीर गोष्ट होती. टीएनटी यकृत जाळते आणि विषारी कावीळ होते. ऑगस्ट १९१६ मध्ये लिव्हिंगस्टन-लिअरमंथ आणि कनिंगहॅम ह्या दोन स्त्री-वैद्यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात टीएनटीचा स्त्री-कामगारांवर होणारा परिणाम मांडला. त्याच वर्षापासून ही कावीळ नोंदवणे सक्तीचे झाले आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे चारशे रुग्णांची नोंद होऊन त्यांतील शंभराहून अधिक दगावले. संख्या भयंकर आहेच. पण संख्या आहे. मुली एका छपराखाली होत्या, त्यांच्या नावांची पट नोंद होती, आणि तपासणाऱ्या वैद्य त्याच कारखान्याशी संबंधित होत्या. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून उत्तर काही महिन्यांत मिळाले, व्हिएतनामच्या परिचारिकांप्रमाणे चौदा वर्षे वाट पाहावी लागली नाही.

हिंदुस्थानात मात्र पुरुषांच्या बाबतीतही अशी काळजी घेतली गेली नाही. १९३० नंतरच्या दशकापासून ब्रिटनच्या पोर्टन डाउन येथील शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडीवर त्याचा परिणाम ब्रिटिश कातडीपेक्षा वेगळा होतो काय, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. अनेकांची कातडी भाजली. ब्रिटनच्या दप्तरखान्यातील ही कागदपत्रे २००७ साली वर्तमानपत्रांतून प्रकाशात आली तेव्हा असेही कळले की, त्या सैनिकांची प्रकृती पुढील वर्षांत कशी राहिली हे पाहण्याची व्यवस्थाच नव्हती. मस्टर्ड वायूमुळे कर्करोग होऊ शकतो, हे पुढे निश्चित झाले. परंतु त्या माणसांचा पाठपुरावा झालाच नाही.

युद्धातील विषाचा आणि मध्य प्रदेशाचा संबंध यावयाचा होता, तो एका वेगळ्या मार्गाने. पहिल्या महायुद्धात सर्वांत जास्त बळी घेणारा वायू फॉस्जिन. त्याचाच उपयोग भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट तयार करण्यासाठी होत असे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री ते दुसरे द्रव्य टाकीतून सुटले. शहरावर कोणी युद्ध पुकारले नव्हते, आणि तेथील स्त्रिया कोणत्याही सैन्यात नव्हत्या. तरीही अभ्यासाच्या दृष्टीने त्यांची गत त्या परिचारिकांसारखीच झाली. इस्पितळात डोळे आणि फुप्फुसे पाहिली जात होती, मृतांची मोजणी चालली होती. पण स्त्रिया सांगत होत्या त्या पाळीच्या आणि गर्भाच्या तक्रारी लिहून घेण्यास रकानाच नव्हता.

१९८५ साली गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. मीरा सदगोपाल ह्यांनी भोपाळच्या वस्त्यांत जाऊन स्त्रियांची तपासणी केली आणि स्त्रीरोगांची अक्षरशः साथ पसरल्याचे नोंदवले. आठ-नऊ महिन्यांनी दया वर्मा ह्यांच्या अभ्यासाने अधिक मोठे चित्र दिले. ३,२७० कुटुंबांच्या पाहणीत, गळतीच्या वेळी गर्भवती असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे त्रेचाळीस टक्क्यांच्या पोटी जिवंत मूल जन्मले नाही. आणि जी जन्मली त्यांपैकी सुमारे चौदा टक्के महिन्याच्या आत गेली. ह्याच कुटुंबांत आधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आतबाहेर होते.

अपत्यांच्या बाबतीत आधीच्या वर्षांशी तुलना करता आली, हे नशीबच. स्त्रीरोगांच्या बाबतीत ती सोय नव्हती. भोपाळमध्ये इतक्या स्त्रियांना विकार आहेत हे खरे. पण ज्या गावावरून कोणताही वायू गेला नाही, तेथील स्त्रियांची स्थिती काय? ह्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते. राणी आणि अभय बंग ह्यांनी पुढे गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष दिले. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता. आणि ज्यांची पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झाली होती, अशा स्त्रिया अवघ्या आठ टक्के. हा आकडा वाचून भोपाळच्या अपराध्यांनी समाधान मानण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ असा की, ज्या देशात निरोगी मानल्या जाणाऱ्या स्त्रीच्या देहाची स्थितीच लिहिलेली नाही, तेथे विषाने त्या देहाचे काय केले, हे सिद्ध करण्याचे ओझे दुप्पट होते. गडचिरोलीतील त्या दोन गावांनी ते ओझे थोडे हलके केले.

व्हिएतनाममध्येही स्त्री-सैनिक होत्या, आणि अमेरिकन स्त्रियांच्या कितीतरी पट. जंगलातून वाट काढणाऱ्या, रसद वाहणाऱ्या, दुरुस्ती करणाऱ्या, वार्ताहर म्हणून हिंडणाऱ्या. त्या वर्षभराच्या मुदतीवर आलेल्या नव्हत्या. सायगावच्या तू झू प्रसूतिगृहात डॉ. गुयेन थि न्गॉक फुआँग ह्यांनी १९६८ साली शिकाऊ डॉक्टर असता प्रथमच तीव्र व्यंग असलेले मूल जन्मताना पाहिले, आणि पुढची अनेक दशके अशा जन्मांची नोंद ठेवली. २०२४ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्रान तो न्गा ह्या अशाच एका वार्ताहर स्त्रीवर १९६६ साली कू ची भागात तणनाशकाचा फवारा पडला. तिची पहिली मुलगी हृदयातील जन्मजात व्यंगाने सतराव्या महिन्यात गेली. फ्रान्समध्ये स्थायिक झाल्यावर तिने २०१४ साली तेथील न्यायालयात ते द्रव्य बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा लावला. त्यात तिची साक्ष होती, वैद्यकीय कागद होते, रक्ततपासणी होती. मे २०२१ मध्ये एव्री येथील न्यायालयाने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने दावा फेटाळला. कारण तिच्या आजाराशी त्या द्रव्याचा संबंध नाही हे नव्हे, तर त्या कंपन्यांनी अमेरिकन सरकारच्या आज्ञेने काम केले म्हणून त्यांच्यावर खटला चालवता येत नाही, हे होते. त्या निकालाविरुद्ध फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचे तिने जाहीर केले. तेव्हा तिचे वय ब्याऐंशीच्या घरात होते.